घरचें दूध, घरचें आइस्क्रीम : यंत्र कोणतें आणि हंगाम कोणता?

फाल्गुन वद्य षष्ठीस पैठणास नाथषष्ठीची यात्रा भरते, हें मराठवाड्यांतील शेतकऱ्यांस नव्यानें सांगावयास नको. त्या सुमारास ऊन तापूं लागलेलें असतें, गोदाकांठीं दिंड्यांच्या राहुट्या पडलेल्या असतात, आणि मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर बर्फाचे गोळे, कुल्फी व आइस्क्रीम यांच्या गाड्या लागलेल्या असतात. मागील यात्रेंत आमच्या नातवानें हट्ट करून आइस्क्रीमचा एक कप घेतला. मुलगा पांचवींत आहे; छापलेलें दिसेल तें वाचून पाहण्याची त्यास खोड. कपावरील बारीक अक्षरें लावून त्यानें आम्हांस विचारिलें, "आजोबा, यावर आइस्क्रीम असें कुठेंच लिहिलेलें नाहीं. आणि यांत खाद्यतेल कशाला घातलें?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

महसूल खात्यांत उभा जन्म कारकुनी करून दुसऱ्याचे कागद वाचण्याची आम्हांस संवय जडली आहे. सात-बाराच्या उताऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना न वाचतां जमीन घेणाऱ्यास आम्ही आयुष्यभर हंसत आलों. आणि आपल्याच नातवाच्या हातांतील कपावर काय लिहिलें आहे, तें मात्र आम्हीं कधीं वाचलें नव्हतें. त्याच दिवशीं पहांटे आमच्या गोठ्यांतून नऊ लिटर दूध डेअरीच्या गाडींत गेलें होतें. म्हणजे सकाळीं दूध विकावयाचें, आणि त्या पैशांतून दुपारीं मुलास गोठविलेलें गोड तेल विकत घेऊन द्यावयाचें, असा हा व्यवहार झाला. तो आमच्या मनास लागला. त्यांतून पुढें जी खटपट झाली व तींत जें शिकावयास मिळालें, तें आपल्या संस्थेच्या सभासदांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम कपावरील अक्षरांचा अर्थ सांगितला पाहिजे. आपल्या देशांत भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे जे नियम आहेत, त्यांप्रमाणें साध्या आइस्क्रीमांत दुधाची फॅट वजनानें शेंकडा १० हून कमी असतां कामा नये. दुधाच्या फॅटऐवजीं वनस्पतिजन्य तेल वापरलें असेल, तर त्या पदार्थास आइस्क्रीम म्हणतां येत नाहीं. तो ‘फ्रोझन डेझर्ट’ या नांवानें विकावा लागतो, व तेलाचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. हा पदार्थ विषारी आहे किंवा तो विकणारा लबाड आहे, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. कायद्यानें त्यास मोकळीक आहे, व विकणारानें नियमाप्रमाणें कपावर लिहूनही ठेविलें आहे. न वाचण्याचा दोष आमचा. परंतु ज्या घरांत गोठा आहे, त्या घरच्या मुलानें दूध सोडून तेल कां खावें, हा प्रश्न उरतोच. अशा पदार्थांत बहुधा पामतेल अथवा तत्सम तेल असतें, आणि पामतेलाचा मोठा भाग आपल्या देशांत इंडोनेशिया व मलेशिया येथून जहाजानें येतो. सातासमुद्रांपलीकडील झाडाचें तेल आमच्या मुलांच्या पोटांत, आणि आमच्या म्हशीचें दूध दुसऱ्याच्या !

दुधास भाव तरी काय मिळतो, तें वाचक जाणतातच. सन २०२४ च्या जुलैंत महाराष्ट्र सरकारनें गाईच्या ३.५ फॅट व ८.५ एस. एन. एफ. असलेल्या दुधास संघांनीं लिटरमागें ३० रुपये द्यावे व सरकारनें ५ रुपये अनुदान घालावें, असें ठरविलें. ऑक्टोबरपासून तेंच २८ व ७ असें झालें. शेतकऱ्याच्या पदरांत लिटरमागें ३५ रुपये पडावे, एवढ्यासाठीं ही सारी खटपट. अशा स्थितींत थेंब न् थेंब विकून टाकण्याकडे मनाचा ओढा व्हावा, हें स्वाभाविक आहे. आमच्याही घरांत तोच प्रकार होता. सूनबाईंनीं पूर्वीं दोन वेळां सुचविलें होतें कीं, संध्याकाळचें एक लिटर तरी घरांत ठेवावें. मुलांच्या वाट्यास चहापुरतेंच दूध येतें. दोन्ही वेळां आम्हीं वही काढून महिन्याचा हिशेब दाखविला व त्यांचें म्हणणें मोडून काढिलें. हिशेब बरोबर होता; परंतु तो अर्धाच मांडलेला होता, हें आम्हांस नातवाच्या प्रश्नानंतर कळलें.

तेव्हां घरींच आइस्क्रीम करावें, असें ठरलें. शहरांत राहणाऱ्या आमच्या भाच्यानें विजेवर चालणारें एक लहानसें यंत्र सुचविलें, व आम्हीं तें आणविलें. या यंत्राचें भांडें दुहेरी भिंतीचें असून भिंतींच्या मध्यें गोठणारें द्रव भरलेलें असतें. तें भांडें चोवीस तास फ्रीजरमध्यें ठेवून दगडासारखें गोठवावयाचें, मग त्यांत दूध ओतून वरची मोटार सुरू करावयाची, म्हणजे अर्ध्या तासांत आइस्क्रीम तयार. यंत्र चांगलें आहे; परंतु तें आमच्या वस्तीसाठीं घडविलेलें नाहीं. त्यास उणे १८ अंशांचा फ्रीजर लागतो, आणि आमच्या एकदारी फ्रिजचा वरचा कप्पा तितका थंड होत नाहीं. त्यांत विजेची तऱ्हा काय सांगावी ! नाथसागराचें उद्घाटन सन १९७६ मध्यें झालें, धरणाच्या पायथ्याशीं १२ मेगावॅटचें वीजघर आहे. तथापि त्याच धरणाच्या तालुक्यांतील वस्तीवर रोहित्र जळालें म्हणजे दिवा केव्हां लागेल, हें कोणासच सांगतां येत नाहीं. पहिल्या खेपेस भांडें अर्धवट गोठलें, व दुधाचें थंड सरबत झालें. दुसऱ्या खेपेस रात्रीं वीज गेली, तेंही साधलें नाहीं. मुलांनीं तें पातळ दूध आनंदानें पिऊन टाकिलें, हा भाग निराळा. सध्यां त्या भांड्यांत आमचे घरांतून लोणी ठेवितात. दुहेरी भिंतीमुळें तें उन्हाळ्यांतही घट्ट राहतें.

या फजितीवरून एक गोष्ट ध्यानांत आली. यंत्र घेतांना तें किती चांगलें आहे एवढेंच न पाहतां, त्यास जें लागतें तें आपल्या घरीं आहे कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. पाणी न पाहतां पंप घेणारा आणि फ्रीजर न पाहतां हें यंत्र घेणारा, दोघे एकाच माळेचे मणी. बाजारांत आणखी एक जात मिळते. तींत थंडी करणारा कॉम्प्रेसर यंत्रांतच असतो. त्यास फ्रीजर लागत नाहीं व बर्फही लागत नाहीं, आणि वीज तासास सुमारें दीडशें वॅट, म्हणजे युनिटाच्या सातव्या हिश्शाइतकीच जळते. परंतु त्याची किंमत एका घरास झेपण्याजोगी नसते. तिसरी जात जुन्या पॉटचीच आहे. लांकडी अथवा प्लास्टिकची बादली, तींत धातूचा डबा, डब्यांत फिरणारें पातें, आणि डब्याभोंवतीं बर्फ व जाडें मीठ. पूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत घरोघरीं मुलें आळीपाळीनें या पॉटचा दांडा फिरवीत, हें आमच्या वयाच्या लोकांस आठवत असेल. असें दांड्याचें यंत्र काढून अमेरिकेंतील नॅन्सी जॉन्सन या बाईनें सन १८४३ मध्यें त्याचें पेटंट घेतलें होतें. आतां दांड्याच्या जागीं लहान मोटार आली आहे, एवढाच फरक. हेंच यंत्र आम्हीं दुसऱ्या खेपेस घेतलें, व आमच्या मतें वस्तीवरील घरास हेंच योग्य. वीज फक्त अर्धा तास असली कीं पुरे. तीही मध्येंच गेली, तर झांकण न उघडतां वाट पाहावी. बर्फ तासभर तग धरतो.

मीठ कशासाठीं, हें ठाऊक असलें म्हणजे काम बिघडत नाहीं. वितळणारा बर्फ शून्य अंशावर राहतो, आणि गोड केलेलें दूध शून्याच्या खालीं दोनतीन अंश गेल्यावांचून गोठूं लागत नाहीं. म्हणून नुसत्या बर्फांत डबा कितीही वेळ फिरविला, तरी दूध थंड होईल, पण गोठणार नाहीं. मीठ मिसळलें म्हणजे बर्फ शून्याच्या पुष्कळ खालीं वितळूं लागतो, व वितळण्यास लागणारी उष्णता डब्यांतील दुधांतून ओढून घेतो. पांच भाग फोडलेल्या बर्फास एक भाग जाडें मीठ, असे थर द्यावेत. बर्फ पारखून घ्यावा. खाण्यास अयोग्य असलेल्या बर्फांत निळा रंग घालावा, असा दंडक महाराष्ट्रांत सन २०१८ पासून झाला आहे. तेव्हां निळा बर्फ डब्याच्या बाहेरच राहणार असला, तरी घरांत आणूं नये. खारें पाणी चुकून डब्यांत शिरलें, तर सारें दूध फुकट जातें, यासाठीं बादलीच्या बाजूचें भोंक बुजूं देऊं नये. मोटारीस तीन पिनांचा प्लग व अर्थिंग असावें. मिठाच्या ओल्या हातांनीं बटणास स्पर्श करूं नये.

शेतकऱ्यानें एक दक्षता अधिक घ्यावी. उरलेलें खारें पाणी परसांतील झाडाच्या आळ्यांत किंवा बांधावर ओतूं नये. कालव्याखालील काळ्या जमिनी चिबड व खारवट होण्याचें दुःख आपणांस ठाऊक आहे. तेथें आपल्या हातानें मिठाची भर घालणें शहाणपणाचें नव्हे. तें पाणी प्लास्टिकच्या घमेल्यांत उन्हांत ठेवावें. दोनतीन दिवसांत पाणी उडून मीठ खालीं राहतें, व तें पुढील खेपेस पुन्हां चालतें.

आतां प्रत्यक्ष कृति. एक लिटर म्हशीचें दूध जाड बुडाच्या पातेल्यांत उकळून, उलथण्यानें ढवळीत, पाऊण लिटर होईपर्यंत आटवावें. दूध आपल्या गोठ्यांतील असलें तरी तें कच्चें वापरूं नये. निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या कच्च्या दुधांतूनही सांसर्गिक गर्भपाताचे व क्षयाचे जंतु माणसांत येऊं शकतात, आणि थंडीनें जंतु मरत नाहींत. दूध गरम असतांनाच त्यांत सव्वाशें ग्रॅम साय घुसळून घालावी, दीडशें ग्रॅम साखर विरघळवावी, व पुन्हां एक उकळी आणावी. याहून अधिक आटविण्याच्या मोहांत पडूं नये. बासुंदीइतकें आटविलेलें दूध गोठविल्यावर, दुधांतील साखरेचे खडे होऊन, जिभेस वाळूसारखें लागतें. नंतर पातेलें थंड पाण्यांत ठेवून लवकर निववावें, आणि रात्रभर फ्रिजमध्यें राहूं द्यावें. ही रात्र वाया जात नाहीं. फॅट घट्ट होऊन दुसऱ्या दिवशीं आइस्क्रीम मऊ येतें. डबा दोनतृतीयांशाहून अधिक भरूं नये, कारण फिरतांना हवा मिसळून दूध फुगतें. वीस ते तीस मिनिटांनीं मोटार कण्हूं लागते. ती लागली कीं लगेच थांबवावी. मग पातें काढून, झांकण घट्ट लावून, नवा बर्फ व मीठ भरून, वर गोणपाट टाकून दोन तास ठेवावें. फ्रीजर चांगला असल्यास त्यांत ठेविलें तरी चालेल.

फळांत आमच्या भागाचें भूषण म्हणजे सीताफळ. याची एक खोड आहे : गर तापविला कीं तो कडू होतो. म्हणून तो उकळत्या दुधांत कधींही घालूं नये. निवालेल्या दुधांत, यंत्र सुरू करण्याच्या वेळीं, दोनशें ग्रॅम घालावा. गर चाळणीवर हातानें चोळून काढावा. मिक्सरमध्यें बिया फुटूं देऊं नयेत. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारण्यास वापरतात, ती डोळ्यांस घातक आहे, हें जुन्या बायांस विचारल्यास कळेल. ती पोटांत जाणें बरें नव्हे.

येथें हंगामाचा प्रश्न येतो, आणि या लेखांतील मुख्य मुद्दा हाच आहे. आइस्क्रीम म्हटलें कीं आपल्या मनांत वैशाख येतो. परंतु गोठ्याचें पंचांग निराळें आहे. आपल्या म्हशी बहुधा पावसाळ्याच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत वितात. आश्विन ते पौष या काळांत दूध भरपूर असतें, आणि वैशाखांत हिरवी वैरण संपून म्हशी आटलेल्या असतात. ज्या महिन्यांत बाजार आइस्क्रीमची हांक मारतो, त्याच महिन्यांत आपल्या घरीं दूध कमी व त्यास मागणी अधिक. उलट आश्विनांत दूध मुबलक, ऑक्टोबरचें ऊन कडक, मुलांस दिवाळीची सुटी, आणि त्याच दिवसांत सीताफळ पिकून ढीग पडलेला. पिकलें सीताफळ दोनतीन दिवसांपलीकडे टिकत नाहीं; व्यापारी दुपारनंतर मागेल त्या भावानें घेतो, किंवा घेतच नाहीं. दूध व फळ ही दोन्ही आपलीं पिकें ज्या पंधरवड्यांत एकदम हातांत येतात, तोच या यंत्राचा खरा हंगाम. कोजागिरीस आपण दूध आटवितोंच. त्या पातेल्यांतील थोडें काढून ठेविलें कीं दुसऱ्या दिवसाचें काम अर्धें झालें.

मग उन्हाळ्यांत यंत्र पडून राहावें काय? मुळींच नाहीं. पैठण तालुक्यांत मोसंबीच्या बागा आहेत. सन २०१२-१३ च्या दुष्काळानें मराठवाड्यांतील कित्येक बागा जळाल्या. तरी लोकांनीं पुन्हां लावणी केली. मृग बहाराचीं फळें मार्च-एप्रिलमध्यें तयार होतात, आणि त्यांस दुधाची गरज नाहीं. एक लिटर ताज्या रसांत दीडशें ग्रॅम साखर व चिमूटभर मीठ घालून तो यंत्रांत फिरवावा. जिभेवर विरघळणारा असा उत्तम बर्फाळ रस होतो. मात्र मोसंबीचा रस काढून ठेविला कीं तासाभरांत त्यास कडवटपणा येऊं लागतो. यासाठीं यंत्र मांडून, बर्फ भरून, मगच रस काढावा. पुढें ज्येष्ठाच्या तोंडाशीं केशर आंबा आहेच. सारांश, चैत्र-वैशाखांत रस व आश्विन-कार्तिकांत दूध, असें आपल्या शेताच्या पंचांगाप्रमाणें यंत्र चालवावें. बाजाराच्या जाहिरातीप्रमाणें चालवूं नये.

आतां जमाखर्च. मागील आश्विनांतील एका खेपेचा हिशेब आमच्या वहींत आहे, तोच उतरवून देतों. घरच्या मालाचीही बाजारभावानें किंमत धरली आहे, कारण फुकट म्हणून हिशेबांत कांहींच नसतें. दूध एक लिटर ५० रुपये, साय ४०, सीताफळें अर्धा किलो २५, साखर ७, बर्फ पांच किलो ५०, मीठ एक किलो १२, गॅस १०, वीज १. एकूण १९५ रुपये. माल झाला सव्वा किलोस थोडा कमी, म्हणजे किलोस १६० ते १६५ रुपये पडले. हा दर पाहून कोणी म्हणेल कीं यांत बचत ती काय? यास दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, बाजारांतील आइस्क्रीम लिटरानें विकतात, वजनानें नव्हे. आणि एक लिटराचें वजन ५२५ ग्रॅम भरलें तरी तें नियमांत बसतें, बाकीची जागा हवेची. आमच्या डब्यांतील एक लिटर तराजूवर आठशें ग्रॅमांच्या आसपास भरलें. तुलना करावयाची ती वजनानें करावी. दुसरें उत्तर अधिक महत्त्वाचें. या १९५ रुपयांपैकीं ११५ रुपये दूध, साय व फळ यांचे, म्हणजे आपल्याच गोठ्याचे व शेताचे; घराबाहेर गेले ते ८० च. बाजारांतील कपासाठीं दिलेला रुपया मात्र सबंध बाहेर जातो.

यंत्रास आम्हांस साडेपांच हजार रुपये पडले. वर्षांत वीस खेपा व पांच वर्षें आयुष्य धरलें, तर खेपेमागें ५५ रुपये चढतात; हा बोजा लहान नव्हे, व तो लपविण्यांत अर्थ नाहीं. (पहिल्या यंत्राची बुडीत रक्कम आम्हीं यांत धरली नाहीं, ती आमच्या अज्ञानाची फी होय.) परंतु तेंच यंत्र पांच घरांनीं मिळून घेतलें, तर खेपेमागें ११ रुपयेच पडतात. पेरणीचें यंत्र, फवारणीचा पंप आपण एकमेकांस देतों-घेतों. मग हेंच कां नको? आमची सूचना अशी कीं, आपल्या संस्थेनें गांवोगांवीं एकएक यंत्र ठेवावें, त्याची नोंदवही असावी, नेणारानें डबा व पातें उकळत्या पाण्यानें धुऊन, कोरडें करून परत करावें, व न धुतां देणारास पुढील पाळी मिळूं नये. हा शेवटचा नियम कडक असावा. सरकारी कचेरींतील अनुभवावरून सांगतों कीं, दंड नसलेला नियम वहींतच राहतो.

या सूचनेवर आक्षेप येतील. ही चैन आहे, असें कोणी म्हणतील. आमचें म्हणणें असें कीं, चैन घरांत शिरावयाची ती शिरलीच आहे. मुलें कप खातात, व आपण पैसे देतों. प्रश्न चैन करावी कीं नाहीं हा नसून ती कोणाच्या मालाची करावी, एवढाच आहे. थंड खाल्ल्यानें पडसें होतें, ही दुसरी हरकत जुनी आहे. सन १८३४ मध्यें मुंबईस जमशेटजी जीजीभाई यांनीं मेजवानींत आइस्क्रीम वाढलें, तेव्हां यजमान व पाहुणे या दोघांसही पडसें झाल्याची बातमी ‘मुंबई समाचारा’नें दिली, असें मुंबईच्या इतिहासलेखकांनीं नमूद केलें आहे. त्या वेळीं बर्फ अमेरिकेंतून जहाजानें येत असे ! परंतु पडसें विषाणूंमुळें होतें, बर्फामुळें नव्हे, हें आतां सिद्ध आहे. साखरेची हरकत मात्र खरी आहे. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं दूर राहावें, व इतरांनींही आठवड्यांतून एकदां, एक वाटी, या मर्यादेंत राहावें. आमच्या घरीं रविवार ठरलेला आहे.

आमच्या सूनबाई आणखी पुढें जाऊन म्हणतात कीं, पुढील षष्ठीस आपलेंच आइस्क्रीम यात्रेंत विकावें. त्यांच्या उत्साहाचें आम्हांस कौतुक आहे; कारण गोठ्यांत राबतात त्या, आणि दुधाची वही इतके दिवस आमच्या हातीं होती. परंतु घरांत करणें निराळें व विकणें निराळें. विक्री करावयाची तर सन २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणें नोंदणी हवी, तयार माल अखंड गोठलेला ठेवण्याची सोय हवी, आणि एकदां वितळून पुन्हां गोठविलेला माल फेंकून देण्याची छाती हवी. हें सर्व जमेल त्यांनीं जरूर करावें, व आधीं हिशेब मांडून करावें. यंत्र घरीं आलें म्हणजे कारखाना झाला, अशा भ्रमांत राहूं नये. सूनबाईंनीं नोंदणीचा अर्ज आणविला आहे. तो भरून देण्याचें काम आम्हीं आपल्याकडे घेतलें आहे. अर्ज भरण्यांत तरी आम्ही अजून कच्चे नाहीं.

शेवटीं एक गोष्ट सांगून लेख पुरा करितों. यंत्र आणिल्यापासून संध्याकाळचें एक लिटर दूध घरांत ठेवण्याचा प्रघात पडला. आठवड्याचें एक लिटर यंत्रांत जातें. उरलेलें सहा लिटर मुलें पितात. डेअरीच्या पावतींत महिन्याकांठीं जी तूट येते, ती आम्हीं वहींत ‘नुकसान’ या सदराखालीं लिहूं लागलों होतों. सूनबाईंनीं तें खोडून ‘घरखर्च’ असें लिहिलें, आणि तेंच बरोबर आहे. आइस्क्रीम मिळालें हा यंत्राचा लहान लाभ; ज्या घरीं दूध निघतें त्या घरच्या मुलांचा त्या दुधावर पहिला हक्क आहे, ही नोंद आमच्या वहींत उशिरा कां होईना पण झाली, हा मोठा लाभ. ज्यांच्या उताऱ्यांत ही नोंद अद्याप झालेली नसेल, त्यांनीं ती यंत्र घेऊन अथवा यंत्रावांचून, पण सत्वर करून घ्यावी. सुज्ञांस अधिक लिहिणें न लगे.